वाचकांचे प्रश्न : व्हेस्टा, माणेगावचा दगड आणि उसाच्या सरीत सापडलेला दगड

मागच्या अंकात लघुग्रहांच्या पट्ट्यावर लेख होता, त्यात व्हेस्टाला जेमतेम चार ओळी मिळाल्या होत्या आणि जाता जाता "व्हेस्टाचे तुकडे महाराष्ट्रातसुद्धा पडलेत" असं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावरनं इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर तिलाच देऊन टाकलंय. सातारा-सांगली पट्ट्यातनं जरा जास्तच आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं नाव गाळलं म्हणून राग मानू नका.

प्रश्न : व्हेस्टा नक्की केवढी आहे? आणि एवढी मोठी आहे तर सेरेससारखं तिलाही बटुग्रह का म्हणत नाहीत? आमच्या क्लासमध्ये दोन सरांनी दोन उत्तरं दिली. (विद्यार्थिनी, सांगली)

सरासरी व्यास ५२५ किमी. सांगलीवर पट्टी ठेवून बंगळुरूपर्यंत सरळ रेघ मारली तर अंतर साधारण तेवढंच भरतं. पण ती नीट गोल नाही, ५७३ बाय ५५७ बाय ४४६ किमी असा तिचा आकार आहे, म्हणजे खालून, दक्षिण ध्रुवाकडनं, चांगलीच चेपलेली. मंगळ आणि गुरूच्या मधल्या मुख्य पट्ट्यात जेवढा म्हणून माल आहे त्यातला ९ टक्क्यांच्या आसपास एकट्या व्हेस्टात आहे. वजनात सेरेस पहिली, व्हेस्टा दुसरी. पॅलस आकारानं जवळजवळ व्हेस्टाएवढीच, पण वजनाला कमी.

बटुग्रहाचं म्हणाल तर २००६ च्या व्याख्येप्रमाणं त्या वस्तूला स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोलाई आलेली पाहिजे. व्हेस्टा पूर्वी बऱ्यापैकी गोल असावी, पण दक्षिणेला दोन दणके असे बसले की आकार कायमचा बिघडला आणि तोपर्यंत ती आतनं इतकी थंड नि टणक झाली होती की परत गोल होणं शक्य नव्हतं. म्हणून पेपरात "लघुग्रह" लिहा. पट्ट्यातला बटुग्रह एकच, सेरेस.

शोधाचं वर्षही विचारतात म्हणून सांगतो. २९ मार्च १८०७, जर्मनीतलं ब्रेमेन, शोधणारे हाइनरिश ओल्बर्स, जे पेशानं डॉक्टर होते आणि रात्री आकाश बघायचे. नाव ठेवलं गणितज्ञ गाउसनं. सेरेस, पॅलस, जुनो आणि मग ही, म्हणून नंबर ४. त्यानंतर पाचवा सापडायला १८४५ उजाडलं.

प्रश्न : साताऱ्यातनं व्हेस्टा नुसत्या डोळ्यांनी दिसते का? कासला जाऊन बघायचा विचार आहे. (वाचक, सातारा)

दिसते, पण कधी आणि कुठनं यावर सगळं आहे. मुख्य पट्ट्यातला नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारा असा हा एकच लघुग्रह धरून चाला, कारण तिचा पृष्ठभाग भलताच उजळ आहे, पडलेल्या उजेडातला ४० टक्क्यांच्या वर परत फेकते. चंद्र रुपयातले दोन आणे पण परत देत नाही. सेरेस एवढी मोठी असूनही काळपट आहे म्हणून डोळ्याला लागत नाही. चांगल्या प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आणि आपल्या जवळ असताना, व्हेस्टा ५.३ प्रतीपर्यंत जाते (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका लहान तितकं तेज जास्त; नुसत्या डोळ्यांची हद्द साधारण सहा). जून २०१८ ला तशी आली होती. मे २०२५ ला ५.७ च्या आसपास होती. ऑक्टोबर २०२६ ची प्रतियुती मात्र थोडी मंद, सहाच्या पलीकडची, तेव्हा दुर्बीण लागेलच.

आता तुमच्या कासबद्दल. उंची आहे, अंधार आहे, सगळं खरं, पण घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर आभाळ दिसायची मारामार. ऑगस्ट २०२२ ला प्रतियुती होती तेव्हा आपल्याकडं झडच लागलेली असणार, कोण बघणार! माझं ऐकाल तर पश्चिमेला जाण्यापेक्षा पूर्वेला जा. माण, खटाव, आटपाडी, जत, हा सगळा दुष्काळी पट्टा शेतकऱ्याला नको असला तरी आकाश बघणाऱ्याला सोनं आहे, हवा कोरडी, ढग कमी आणि गावं लांब लांब. साधा १० बाय ५० चा बायनोक्युलर पुरतो. त्यात ती ताऱ्यासारखा ठिपकाच दिसते, कसलीही तबकडी वगैरे दिसणार नाही, म्हणून ओळखायची युक्ती एकच: मोबाईलच्या ॲपवरनं जागा बघून त्या तुकड्यातले सगळे ठिपके वहीत काढा, एक-दोन रात्री सोडून परत तोच तुकडा काढा, जो ठिपका सरकलाय ती व्हेस्टा.

प्रश्न : तुम्ही लिहिलंय व्हेस्टाचे तुकडे पृथ्वीवर पडतात. पण एखादा दगड नेमका व्हेस्टाचाच आहे हे कुणी कसं ठरवलं? तिथं जाऊन तर कुणी दगड आणला नाही. (शिक्षिका, कराड)

मॅडम, प्रश्न एकदम वर्मावर आहे, आणि उत्तर लांबलंय.

सुरुवात झाली १९७० ला. मॅककॉर्ड, ॲडम्स आणि जॉन्सन या तिघांनी व्हेस्टाच्या उजेडाचा वर्णपट काढला, म्हणजे तो रंगारंगांत फोडून बघितला, आणि त्यात पायरॉक्सिन नावाच्या खनिजाची खूण ठळक मिळाली, तीसुद्धा अशी की युक्राइट जातीच्या अशनींच्या (आभाळातनं पडलेल्या दगडांच्या) वर्णपटाशी जुळून गेली. युक्राइट म्हणजे बेसाल्ट. म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा दगड ज्या कुळातला त्याच कुळातला, लाव्हा थंड होऊन झालेला. फरक वयाचा. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि युक्राइट साडेचार अब्ज वर्षांच्या घरातले, सूर्यमाला नुकतंच कुठं बाळसं धरत होती तेव्हाचे. ५२५ किलोमीटरच्या धोंड्यावर कधीकाळी लाव्हा वाहत होता ही गोष्ट तेव्हा पचायला जडच होती.

युक्राइटचे दोन भाऊबंद आहेत. डायोजेनाइट, जे कवचाच्या खालच्या थरात सावकाश थंड झालेले, जवळजवळ नुसता पायरॉक्सिन. आणि होवार्डाइट, म्हणजे या दोघांचा चुरा टकरींनी कालवून परत घट्ट झालेला. तिघांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण एकाच रेषेवर पडतं, म्हणून तिघं एकाच घरचे म्हणतात. पडताना लोकांनी पाहिलेल्या अशनींत शंभरातले सहाच्या आसपास या घरचे असतात, म्हणजे काही थोडेथोडके नाहीत.

पण घर व्हेस्टाच कशावरनं? वर्णपट जुळला म्हणजे झालं असं नाही, आणि खरी अडचण वेगळीच होती. व्हेस्टा सूर्यापासून २.३६ खगोलीय एककांवर आहे (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) आणि पट्ट्यातनं दगड बाहेर पडायचा हमरस्ता आहे अडीच एककांजवळ, जिथं दगडाच्या तीन फेऱ्या होईस्तोवर गुरूची एक होते आणि गुरू त्याला दर वेळी त्याच जागी हिसका देऊन कक्षा लांबट करून टाकतो. व्हेस्टावरनं उडालेला दगड त्या रस्त्यापर्यंत पोचणार कसा हे कुणाला सांगता येईना. मग १९९३ ला बिन्झेल आणि शू यांनी व्हेस्टापासून थेट त्या रस्त्यापर्यंत विखुरलेले पाच-दहा किलोमीटरचे छोटे लघुग्रह शोधून काढले, सगळ्यांचा वर्णपट व्हेस्टासारखा. वाटेवर सांडत गेलेला मालच सापडला म्हणा ना! माझ्या मते सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात देखणा पुरावा, अंतराळयान सोडून द्या, नुसती दुर्बीण आणि चिकाटी.

राहिला प्रश्न एवढा माल उडाला कुठनं. १९९७ ला हबल अवकाश दुर्बिणीच्या फोटोंवरनं दक्षिण ध्रुवावर अवाढव्य विवर असल्याचं जाहीर झालं. नंतर नासाच्या डॉन यानानं जवळनं पाहिलं तर व्यास ५०० किमी, म्हणजे व्हेस्टाच्या स्वतःच्या व्यासाला भिडणारा. रिआसिल्व्हिया तिचं नाव. मधोमध जे शिखर उठलंय ते २० किमीच्या वर उंच. त्याच्याखाली आणखी एक जुनं विवर अर्धवट पुसलेलं, व्हेनेनेया, ४०० किमीचं. रिआसिल्व्हिया साधारण एक अब्ज वर्षांपूर्वीची, व्हेनेनेया दोन अब्ज. या धडकांनी विषुववृत्ताला वळसा घालून चरच्या चर पडले, त्यातला सगळ्यात मोठा, दिव्हालिया, ४६५ किमी लांब आहे. दणका बसला दक्षिणेला आणि चरे पडले कमरेला, यावरनं जोर काय असेल बघा.

आता महाराष्ट्राचं. २९ जून १८४३ ला खानदेशात माणेगावला एक अशनी पडला, तो डायोजेनाइट आहे. बंगालमध्ये बांकुडा जिल्ह्यात १८५० ला शाल्का पडला, तोही डायोजेनाइट. राजस्थानात १९९४ ला लोहावट, हा होवार्डाइट, आणि १९९६ ला पाली जिल्ह्यात पिपलिया कलाँ, हा युक्राइट. तिन्ही जाती आपल्या देशात पडून झाल्यात. साताऱ्याच्या मंडळींनी विचारलंय म्हणून सांगतो, १८७९ च्या नोव्हेंबरात वाई भागात पडलेल्या अशनीची यादीत "कलुंबी" नावानं नोंद आहे, पण तो साधा कॉन्ड्राइट, व्हेस्टाचा नाही. कधीच न वितळलेल्या दुसऱ्याच कुठल्यातरी लघुग्रहाचा तुकडा.

पिपलिया कलाँवर थोडं थांबतो कारण ते काम आपल्या लोकांचं आहे. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी त्या दगडातले कण तपासून त्यात ॲल्युमिनियम-२६ च्या ऱ्हासातनं राहिलेला जादा मॅग्नेशियम दाखवला, १९९९ ला ते छापून आलं. महत्त्व काय? एवढासा लघुग्रह वितळायला उष्णता आली कुठनं हा जुना वाद. ॲल्युमिनियम-२६ किरणोत्सारी आहे, सात लाख वर्षांत निम्मा संपतो आणि संपता संपता उष्णता देतो. लाव्हा थिजत होता तेव्हाही तो शिल्लक होता, याचा अर्थ व्हेस्टा जन्मल्यावर काही लाख-दशलक्ष वर्षांतच वितळून परत थिजली आणि भट्टीचं जळणही बहुधा हेच. (हेच गोस्वामी पुढं चांद्रयान-१ चे मुख्य शास्त्रज्ञ झाले.)

प्रश्न : डॉन यानाबद्दल ऐकलंय की ते रॉकेटवर नाही, विजेवर चालायचं. खरं का? (डिप्लोमाचा विद्यार्थी, इस्लामपूर)

उडालं रॉकेटवरच, २७ सप्टेंबर २००७ ला. पुढचा प्रवास आयन इंजिनवर. झेनॉन वायूचे अणू सौरऊर्जेच्या विजेनं भारित करायचे आणि प्रचंड वेगानं मागं सोडायचे. जोर फार फार तर ९० मिलिन्यूटन, ताशी शंभरेक किलोमीटरचा वेग वाढवायला त्याला चार दिवस लागायचे, आपल्याकडं एखाद्यानं अशी गाडी विकत घेतली असती तर शोरूमवर मोर्चा नेला असता. पण ते इंजिन महिनोन्‌महिने बंद करावं लागत नाही आणि सगळा वेग साठत जातो, इंधन मात्र सव्वाचारशे किलोच. म्हणूनच आजवर पट्ट्यातल्या दोन जगांभोवती आळीपाळीनं फिरलेलं हे एकमेव यान. व्हेस्टाला १६ जुलै २०११ ला पोचलं, सप्टेंबर २०१२ ला निघालं, मार्च २०१५ ला सेरेसला. दिशा सांभाळायचं हायड्राझिन नावाचं इंधन संपलं आणि नोव्हेंबर २०१८ च्या सुरुवातीला काम संपल्याचं जाहीर झालं. यान अजून सेरेसभोवती फिरतंय, मुकं होऊन. मजा म्हणजे २००६ च्या मार्चमध्ये नासानं ही मोहीम रद्दच करून टाकली होती आणि त्याच महिन्यात निर्णय फिरवला.

प्रश्न : व्हेस्टा लघुग्रह नसून फुटलेल्या ग्रहाचा तुकडा आहे अशी बातमी वाचली. आजपर्यंत शिकवलं ते चूक होतं का? (निवृत्त मुख्याध्यापक, मिरज)

सर, बातमीचा मथळा दोन पावलं पुढं पळालाय. मूळ गोष्ट अशी. डॉन व्हेस्टाभोवती फिरत असताना त्याच्या रेडिओ सिग्नलमधल्या बारीक बदलांवरनं तिचं गुरुत्वाकर्षण कुठं कमी कुठं जास्त ते मोजलं होतं. त्यावरनं आधी असं मानलं गेलं की पोटात साधारण ११० किमी त्रिज्येचा लोखंडी गाभा आहे, वर प्रावरण, वर बेसाल्टचं कवच. अर्धवट वाढलेला ग्रह, अशीच सगळ्या पुस्तकांत ओळख.

मग रायन पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच जुना डेटा सुधारलेल्या पद्धतीनं परत तपासला. फोटोंवरनं तिच्या फिरण्यातला बारीकसा डोल मोजला आणि जडत्वाघूर्ण काढलं, ज्यावरनं जड माल मध्यात गोळा झालाय की सगळीकडं पसरलाय ते समजतं. एप्रिल २०२५ ला "नेचर ॲस्ट्रॉनॉमी"त ते छापून आलं. निष्कर्ष: आतनं व्हेस्टा वाटली होती त्याहून बरीच एकसारखी आहे, मोठा लोखंडी गाभा असण्याला आधार मिळत नाही. मग दोन शक्यता. एक, वितळायला सुरुवात झाली पण लोखंड खाली बसायचं काम अर्ध्यात राहिलं. दोन, ती एखाद्या वाढत्या ग्रहाच्या वरच्या थराचा टकरीत उडालेला तुकडा, गाभा मूळ घरीच राहिला.

दुसरी शक्यता पेपरवाल्यांना आवडली यात नवल नाही. पण दगडांचं म्हणणं ऐका. युक्राइटमध्ये लोखंडासोबत जाणारी मूलद्रव्यं, निकेलसारखी, कमालीची कमी आहेत, म्हणजे लोखंड कुठंतरी खाली निथळून गेलंय. अंटार्क्टिकात मिळालेल्या एका युक्राइटमध्ये तर एमआयटीच्या गटाला २०१२ ला जुन्या चुंबकत्वाच्या खुणा मिळाल्या, आणि त्यांनी त्यावरनं वितळलेल्या गाभ्यात फिरणाऱ्या लोखंडाचं चुंबकक्षेत्र होतं असं मांडलं. दगड म्हणतात गाभा होता, गुरुत्वाकर्षण म्हणतंय दिसत नाही. तुकड्याची कल्पना दोन्हीला सामावून घेते खरी, पण मग तो मूळ ग्रह गेला कुठं आणि त्याचे बाकीचे तुकडे कुठायत, याचं उत्तर द्यावं लागतं. मला विचाराल तर मी अजून अर्धवट वितळण्याच्या बाजूला झुकलेला आहे, तेही पुरतं नाही. निकाल लागायचा तर रिआसिल्व्हियाच्या तळातला दगड आणून कापून बघावा लागेल, कारण सगळ्यात खोलचा माल तिथं उघडा पडलाय. तोवर मुलांना "वितळलेला, थरांचा लघुग्रह" शिकवा, ते चूक नाही, आणि गाभ्यापाशी आलात की वाद चालू आहे म्हणून सांगा, वर्गाला तेच जास्त आवडेल.

प्रश्न : सर, उसाची सरी सोडताना काळाकुळकुळीत दगूड घावलाय, हाताला जड लागतोय. भाऊ म्हणतोय आभाळातनं पडल्याला हाय, इकला तर लाखात जाईल. खरं काय? (शेतकरी वाचक, वाळवा तालुका)

दादा, आधी विकायचं डोक्यातनं काढा. तुमच्यासारखे फोटो बऱ्याच जणांनी पाठवलेत आणि बहुतेकांत आपला इथलाच बेसाल्ट आहे, नाहीतर कुठल्यातरी फाउंड्रीचा स्लॅग (भट्टीतला मळ) भरावासोबत रानात आलेला. तरी तपासायला हरकत नाही.

चुंबकावर विसंबू नका. साध्या अशनीत लोखंड-निकेलचे कण असतात, चुंबक चिकटतो. पण आपल्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असतं, दोरीला बांधलेला चुंबक त्याच्याकडंही जरा ओढला जातो, आणि व्हेस्टाच्या युक्राइटमध्ये लोखंडी कण जवळजवळ नसतातच, म्हणजे खरा असूनही चिकटणार नाही. वजनावरही कळत नाही, युक्राइट आणि बेसाल्ट हातात सारखेच लागतात.

बघायचं ते साल आणि पोट. दगडाला एखादा कोपरा आधीच फुटलेला असेल तर तो धुऊन उन्हात धरा. आपला बेसाल्ट बाहेरनं गंजट तांबूस होतो आणि आतनं काळा-करडा निघतो. ताज्या युक्राइटचं उलटं: बाहेरनं चकचकीत काळी साल, नखाच्या जाडीएवढीसुद्धा नाही, हवेतनं येताना वितळून झालेली, आणि आत फिकट राखाडी. दगडात बुडबुड्यांची भोकं असतील, किंवा भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतील, तर तो इथलाच. ते झिओलाइट पाण्यामुळं तयार होतात. स्लॅगला तर भोकं आणि काचेसारखी चमक दोन्ही असतात. या सगळ्यातनंही दगड पास झाला तर हातोडा घालू नका, तेल-शेंदूर लावू नका. जवळच्या कॉलेजात जिऑलॉजीचे प्राध्यापक असतील त्यांना दाखवा, त्यांनाही शंका आली तर जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) नागपूर ऑफिसला कळवायचं. देशात पडलेल्या अशनींचं जतन तेच करतात.

प्रश्न : व्हेस्टा पृथ्वीवर आदळेल का? (बरेच जण)

नाही. तिची कक्षा पट्ट्यात पक्की आहे, सूर्याच्या २.१५ एककांच्या आत ती येतच नाही. एका फेरीला ३.६३ वर्षं. झोपा निवांत.

प्रश्न : शाळेत मुलांना व्हेस्टा दाखवायची तर काय साधन आहे? टेलिस्कोप नाही. (शिक्षक, तासगाव)

टेलिस्कोपचं अडत नाही, त्यात तसाही ठिपकाच दिसणार. नासानं डॉनच्या फोटोंवरनं "व्हेस्टा ट्रेक" नावाचा नकाशा फुकट ठेवलाय, कॉम्प्युटर लॅबमध्ये चालतो, नेट बरं पाहिजे. मुलांना आधी उत्तरेकडची तीन विवरं शोधायला लावा, मार्शिया, कॅल्पुर्निया, मिनुशिया, एकाला एक चिकटलेली आहेत. मार्शियाच्या तळात खड्डेखड्डे दिसतील, धडकेच्या उष्णतेनं आतलं पाणी वाफ होऊन निसटलं त्याच्या त्या जागा असाव्यात असं मानतात, म्हणजे कोरड्या ठणठणीत व्हेस्टावर थोडं पाणी बाहेरनं, दुसऱ्या काळ्या लघुग्रहांच्या धडकांतनं, आलेलं. मग दक्षिणेला जाऊन रिआसिल्व्हियाचं शिखर, आणि नववी-दहावीची मुलं असतील तर दिव्हालियाची लांबी-रुंदी नकाशातल्या पट्टीनं मोजायला द्या. दोन तास सहज जातात, त्यामुळं शेवटचे तास मागून घ्या.